सही करण्याआधी आईला विचारलंत का?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

‘आई ७९ वर्षांची आहे. अल्झायमरचं निदान होऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षभरापासून ती एका निवासी केअर सेंटरमध्ये आहे. दोन महिन्यांपूर्वी भेटायला गेले तर ती खुर्चीत एका बाजूला कललेली, डोळे अर्धवट मिटलेले, हाक मारली तरी नुसतं ‘हूं’. चौकशी केली तेव्हा कळलं, की ती संध्याकाळी ‘घरी जायचंय’ म्हणून ओरडत सुटते, अंघोळीला नेलं की मावशींना मारते, म्हणून तिला ‘झोपेची गोळी’ सुरू केली आहे. चिठ्ठीवर नाव होतं क्वेटियापिन. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मी आवाज चढवला तेव्हा सांगण्यात आलं, की दाखल करतानाच्या कागदांवर माझ्या भावाची सही आहे आणि त्यात ‘आवश्यक त्या सर्व औषधोपचारांना संमती’ असं लिहिलेलं आहे. आता त्यांनी एक नवा फॉर्म दिलाय, मनोविकारांवरच्या औषधांसाठी नातेवाइकांच्या संमतीचा. तो आठवडाभर माझ्या पर्समध्ये पडून आहे. दादा म्हणतो, सही करून टाक, उगाच वाद घातलास तर ‘घेऊन जा तुमच्या आईला’ म्हणतील, आणि ते आपल्या दोघांनाही झेपणार नाही. आई आयुष्यभर साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घ्यायची नाही. आता तिला काहीच कळत नाही, त्यामुळे तिला विचारण्याचा प्रश्नच नाही. पण तिच्या वतीने सही करायला माझा हात धजत नाही. कानाचं यंत्रही ती सारखं काढून टाकते म्हणून कपाटात ठेवून दिलंय, त्यामुळे बोलणंही फारसं होत नाही. मी सही करू, की गोळी बंद करायला लावू?’

प्रिय ताई,

तुमचा हात धजला नाही हे बरंच झालं. तो फॉर्म आणखी चार दिवस पर्समध्ये राहिला तरी काही बिघडत नाही. आणि गोळीही रागाच्या भरात आज बंद करायला लावू नका. ही औषधं काही आठवडे चालू असली की एकदम तोडायची नसतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरी-पायरीने उतरवायची असतात. फक्त एक बघा. आई हाक मारूनही जागी होत नसेल, घास गिळताना ठसकत असेल, अंग कडक झालं असेल, ताप असेल किंवा ती पडली असेल, तर बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवायला सांगा. तसं नसेल, तर आपल्याला विचार करायला वेळ आहे.

सुरुवात त्या ‘झोपेची गोळी’ या शब्दापासून करते. क्वेटियापिन ही झोपेची गोळी नाही. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल यांच्याच घराण्यातलं, मूळचं स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मनोविकारांसाठी तयार झालेलं हे औषध आहे. झोप येणं हा त्याचा दुष्परिणाम. त्या दुष्परिणामाचाच उपयोग करून घ्यायचा म्हणून ते दिलं जातं, आणि मग सगळेच त्याला झोपेची गोळी म्हणू लागतात. नावडीमुळे मी शब्दांचा कीस पाडत नाही. ‘झोपेची गोळी’ म्हटलं की तुमच्या मनात एक हलकी, रात्रीपुरती गोष्ट येते, आणि तिला दिलेला होकार हा दुसऱ्याच कशाला तरी दिलेला होकार असतो. औषधाचं खरं नाव आणि खरं काम ज्याला सांगितलेलं नाही, त्याची संमती कागदावर कितीही ठळक असली तरी पोकळ असते.

या घराण्यातल्या औषधांबद्दल काय माहीत आहे ते मोकळेपणाने सांगते, कारण हे तुम्हाला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये या गटातल्या नव्या औषधांच्या माहितीपत्रकात सर्वांत कडक इशारा छापायला लावला. २००८ मध्ये तोच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू झाला. डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असलेल्या वृद्धांवरच्या १७ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांच्या १.६ ते १.७ पट दिसला. साधारण दहा आठवड्यांच्या चाचणीत नुसती गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी २.६ मृत्यू, औषध घेणाऱ्यांत ४.५. बहुतेक मृत्यू हृदयाशी किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाशी निगडित होते. आकडा घाबरवणारा वाटतो, म्हणून तो नीट वाचू या. शंभर माणसांना गोळी दिली तर त्यातले ९५ जण त्या अडीच महिन्यांत दगावत नाहीत. पण जवळजवळ दोन माणसं अशी जातात, जी एरवी गेली नसती. त्याशिवाय पक्षाघाताचा धोका, उभं राहताना रक्तदाब घसरून पडणं, हालचाली जखडणं, गिळायला त्रास होणं हे सगळं आहेच.

आता फायद्याची बाजू. २००९ साली ब्रिटनच्या आरोग्य विभागासाठी प्रा. सुबे बॅनर्जी यांनी एक अहवाल तयार केला. त्या देशात वर्षाला सुमारे १,८०,००० डिमेन्शियाग्रस्तांना ही औषधं दिली जात होती, आणि त्यातल्या सुमारे ३६,००० जणांनाच त्यांचा काही उपयोग होत असावा असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे पाचांत एक. क्वेटियापिनबद्दलच विचाराल, तर २००६ मध्ये अमेरिकेत अल्झायमरच्या ४२१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ते इतर दोन औषधांबरोबर तपासलं गेलं होतं. तिन्ही औषधांनी जो थोडाफार फायदा दिला, तो एकूण पाहता दुष्परिणामांनी खाऊन टाकला, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

पण तो पाचांतला एक माणूसही खरा आहे, ताई. भिंतीतून माणसं येऊन आपल्याला मारतायत असं ज्याला दिवसरात्र दिसतं, भीतीने जो जेवत नाही, झोपत नाही, दुसऱ्या रहिवाशावर धावून जातो, त्याला या औषधाने कधी कधी खरोखर सुटका मिळते. अशा माणसाच्या मुलाने सही केली तर त्याने काही पाप केलं असं मी म्हणणार नाही. म्हणून ‘ही औषधं वाईट, बंद करा’ एवढं उत्तर मी तुम्हाला देऊ शकत नाही. आईला नेमका कोणता त्रास होता, तो किती होता, आणि तो कुणाचा होता, हे आधी कळायला हवं. ओरडणं मावशींना सहन होत नव्हतं, की आईला ते सोसत नव्हतं? दोन्ही त्रास खरे आहेत, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. अमेरिकेतल्या वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांसाठी १९८७ सालीच केंद्रीय कायदा झाला. त्यात रहिवाशाला शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी औषधाने जखडून ठेवायला मनाई केली आहे. दोरीने बांधणं आणि औषधाने बांधणं, दोन्ही त्या कायद्याने एकाच पंगतीला बसवली.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘आता तिला काहीच कळत नाही, त्यामुळे तिला विचारण्याचा प्रश्नच नाही.’ बाकी सगळ्या गोष्टींवर तुम्ही प्रश्न विचारलेत, या एका वाक्यावर विचारला नाहीत. तो मी विचारते. कशावरून?

निर्णयक्षमता ही दिव्याच्या बटणासारखी नसते, की चालू नाहीतर बंद. ती त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती पाहायची असते. बँकेचे व्यवहार ज्या बाईला समजत नाहीत, तिला ‘ही गोळी घेतली की फार झोप येते, तुला चालेल का?’ हे समजू शकतं. संध्याकाळी सहा वाजता जिला स्वतःचं नाव आठवत नाही, ती सकाळी दहा वाजता दोन वाक्यांचं स्पष्ट उत्तर देऊ शकते. डॉक्टर क्षमता तपासतात तेव्हा ढोबळमानाने चार गोष्टी पाहतात. सांगितलेलं समजतं का, ते आपल्याला लागू आहे हे उमगतं का, दोन पर्यायांत तुलना करता येते का, आणि आपली पसंती कुठल्याही मार्गाने सांगता येते का. इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू असलेला २००५ चा मानसिक क्षमता कायदा तर सुरुवातच अशी करतो, की उलट सिद्ध होईपर्यंत माणसाला क्षमता आहे असंच धरायचं, आणि निर्णय घेता यावा म्हणून शक्य ती सगळी मदत आधी करायची. शक्य ती सगळी मदत, ताई. आणि तुमच्या आईचं ऐकण्याचं यंत्र कपाटात आहे.

मी तुम्हाला दोष देत नाही. ती काढून टाकते म्हणून कुणीतरी जपून ठेवलं, यात वाईट हेतू नव्हता. पण आईच्या जागी क्षणभर बसून बघा. समोरच्या बाईचे ओठ हलतायत, काही ऐकू येत नाही, आणि ती एकदम अंगावरचे कपडे उतरवू लागते. कुणीही हात उगारेल. ती यंत्र का काढते हे कुणी पाहिलं का? कानात मळ भरला असेल, साचा टोचत असेल, आवाज फार मोठा लावलेला असेल, बॅटरी संपून नुसता दट्ट्या बसल्यासारखं होत असेल. या आठवड्यात हे एक काम करा. कान तपासून घ्या. ते झाल्यावर, ती ताजीतवानी असते त्या वेळी, आवाज नसलेल्या खोलीत, समोर बसून तिला विचारा. एका वेळी एकच गोष्ट, लहान वाक्यात. ‘आई, संध्याकाळी तुला भीती वाटते का?’ थांबा. उत्तराला मिनिटभरही लागू शकतं. ‘या गोळीने झोप येते. तुला बरं वाटतं का?’ दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारा. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, तर त्याला वजन आहे.

तिला कायद्याच्या अर्थाने संमती देता येणार नाही, असंही कदाचित ठरेल. सहा वर्षांच्या आजारात ते शक्य आहे. पण संमती देता न येणं म्हणजे मत नसणं नव्हे. गोळीचा चमचा ती दोन हातांनी ढकलते, तोंड घट्ट मिटते, थुंकते, हे तिचं म्हणणं आहे. एखादीने दिली तर घेते आणि दुसरीने दिली तर घेत नाही, हेही म्हणणं आहे. ते प्रत्येक वेळी निर्णायक ठरेल असं नाही, पण ते नोंदवलं गेलं पाहिजे आणि बैठकीत मांडलं गेलं पाहिजे. आणि गोळ्या कुटून जेवणात मिसळून देतात का, हे स्पष्ट विचारा. न सांगता औषध देणं हा संपूर्ण वेगळा निर्णय आहे. तो स्वयंपाकघरात परस्पर घ्यायचा नसतो. त्याला डॉक्टर, औषधतज्ज्ञ आणि कुटुंब यांचं लेखी एकमत लागतं. शिवाय काही गोळ्या हळूहळू विरघळतील अशा बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

तिच्या वतीने ठरवायची वेळ आली, तर तुमच्यापुढचा प्रश्न ‘मला काय बरं वाटतं’ हा नसेल. ‘सगळं समजत असतं तर आई काय म्हणाली असती’ हा असेल. तुम्ही लिहिलंय, ती साधी डोकेदुखीची गोळी घ्यायची नाही. हा मोलाचा पुरावा आहे, तो डॉक्टरांना नक्की सांगा. पण तिथेच थांबू नका. ती गोळी का घ्यायची नाही? अंगाला सवय लागेल म्हणून? ‘एवढं तेवढं सोसायला हवं’ म्हणून? की डोकं जड होऊन कामं राहतात म्हणून? शेवटचं असेल, तर आजची गुंगी तिला मुळीच आवडली नसती. आणि दुसरी बाजूही बघा. आपल्या हातून दुसऱ्या बाईला मार बसतो हे तिला कळलं असतं, तर ती काय म्हणाली असती? ज्या बाया फार सोशिक असतात, त्यांना स्वतःच्या वेदनेपेक्षा आपण कुणाला दुखावलं याचं जास्त लागतं. उत्तर मला माहीत नाही, ते तुम्हा भावंडांना माहीत असेल. दादांशी ‘सही कर की नको’ यावर भांडण्यापेक्षा या प्रश्नावर तासभर बोला. आईबद्दलच्या आठवणींत तुमचं जितकं एकमत होईल, तितकं त्या फॉर्मबद्दल होणार नाही.

दादांच्या त्या जुन्या सहीचंही सांगते. दाखल करताना घेतलेली ‘सर्व औषधोपचारांना’ संमती ही रोजच्या किरकोळ गोष्टींसाठी आणि तातडीच्या प्रसंगासाठी ठीक आहे. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला आत्ता, या क्षणी इजा करत असेल तर डॉक्टर आधी उपचार करतील आणि मग फोन करतील, हे मान्यच आहे. पण दोन महिने रोज चालणारं, गंभीर इशारा असलेलं औषध त्या एका ओळीत मावत नाही. वर्षापूर्वी दादांना कोणत्या औषधाला, किती दिवस, कशासाठी होकार देतोय हे ठाऊक असणंच शक्य नव्हतं. समजून-उमजून दिलेल्या संमतीत निदान एवढं यावं लागतं: त्रास कोणता, त्यावर हे औषध कशासाठी, फायद्याची शक्यता किती, धोके कोणते, औषधाशिवाय काय करता येईल, काहीच केलं नाही तर काय होईल, आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. हे बोलणं औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी करायचं असतं. स्वागतकक्षातून हाती ठेवलेल्या फॉर्मने ते होत नाही.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. माझे वडील शेवटच्या वर्षी अशाच एका केंद्रात होते. एका दुपारी फोन आला, ‘बाबा फार अस्वस्थ आहेत, शांत करायचं इंजेक्शन देऊ का?’ मी कामात होते. ‘द्या’ म्हटलं. अर्ध्या मिनिटात. तिसऱ्या दिवशी एका परिचारिकेने त्यांच्या ओटीपोटावर हात ठेवून पाहिलं, तर लघवी तुंबलेली होती. नळी घातली आणि तासाभरात ते शांत झाले. दोन दिवस ते जे ओरडत होते, ते दुखतंय म्हणून ओरडत होते, आणि आम्ही त्यांचं ओरडणं बंद केलं होतं. त्या फोनवर मी एवढंच विचारलं असतं, ‘अस्वस्थ का आहेत, कुणी तपासलं का?’, तरी पुरे होतं.

म्हणून सांगते, आईच्या ओरडण्याचं कारण आधी शोधा. डिमेन्शियाच्या माणसाचं वागणं काही दिवसांतच एकाएकी बदललं असेल तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नवीन सुरू झालेलं एखादं औषध, अंगात लपलेला ताप हे सगळं तपासून होईपर्यंत मनोविकाराच्या औषधाचा विषय काढू नये. आणि दुखणं. सोशिक माणसाचं दुखणं ओळखायला सगळ्यांत अवघड असतं, कारण जन्मभर ‘काही नाही गं’ म्हणायची सवय असते. नॉर्वेतल्या १८ शुश्रूषा केंद्रांतल्या ३५२ रहिवाशांवर झालेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. डिमेन्शिया आणि अस्वस्थपणा असलेल्या या माणसांपैकी निम्म्या गटाला आठ आठवडे पायरी-पायरीने वेदनाशामक उपचार दिले, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. त्यांचा अस्वस्थपणा सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाला. आईचे गुडघे, कंबर, दात, तळपायाची भेग कुणी पाहिलीय का? अंघोळीला नेताना हात वर केला की ती मारते का? मग खांदा बघा.

अंघोळ रोज, ठरलेल्या वेळी, आणि एकीने घाईने घालायलाच हवी असं नाही. कोमट पाणी, अंगावर सतत एक टॉवेल, आधी हातापायांवर पाणी आणि डोक्यावर सर्वांत शेवटी, किंवा काही दिवस नुसतं अंग पुसणं, यानेच पुष्कळांची मारामारी थांबते. संध्याकाळच्या ‘घरी जायचंय’चंही तसंच. उजेड उतरला की अनेक डिमेन्शियाग्रस्तांचा गोंधळ वाढतो. तेव्हा ‘हेच तुझं घर’ असं समजावण्याने ती आणखी चिडेल. ‘घरी कोण वाट बघतंय?’ असं विचारा, दिवे अंधार पडायच्या आधी लावायला सांगा, त्या वेळी तिच्या हाताला काहीतरी काम असू द्या. दोन आठवडे एक वही ठेवायला सांगा: त्रास केव्हा झाला, आधी काय घडलं, कोण जवळ होतं, कशाने थांबला. अशी वही असली की बैठकीत ‘फार त्रास देतात’ या शब्दांच्या जागी ‘आठवड्यात चार वेळा, चारही वेळा अंघोळीआधी’ असं बोलता येतं. फरक त्यातच आहे.

मग बैठक मागा. तोंडी नको, लेखी मागा, आणि औषध लिहिणारे डॉक्टर हजर राहावेत असं त्यात लिहा. दादांनाही न्या. जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण समोर पांढरा कोट आला की आपण विसरतो. आईला सगळी मिळून कोणकोणती औषधं चालू आहेत? या गोळीने नेमका कोणता त्रास कमी व्हायला हवा होता, आणि तो दोन महिन्यांत झाला का? सुरू करण्याआधी काय काय तपासलं, काय काय करून पाहिलं? डोस आणखी कमी करता येईल का? आणि एक प्रश्न मात्र कुठल्याही परिस्थितीत सोडू नका: हा अल्झायमरच आहे याची खात्री आहे का, की लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असू शकतो? त्या प्रकारात या घराण्यातली औषधं जिवावर बेतणारी प्रतिक्रिया देऊ शकतात. आईला स्पष्ट आकृत्या दिसणं, चाल पार्किन्सनसारखी होणं, एका दिवसात शुद्धीचे फार चढउतार होणं, झोपेत हातपाय झाडणं, असं काही तुम्ही पाहिलं असेल तर ते आवर्जून सांगा.

कुणी म्हणेल, मग याऐवजी लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम अशी चिंता कमी करणारी, झोप आणणारी औषधं देऊ, ती साधी आहेत. तीही साधी नाहीत. वृद्धांमध्ये त्यांनी गोंधळ वाढतो, पडून हाडं मोडतात, काही जण तर उलट अधिक चिडतात. नाव बदललं तरी हेच प्रश्न पुन्हा विचारायचे.

कधी थांबायचं, हे सुरू करतानाच ठरायला हवं होतं. आता ठरवा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, की पुरेशा डोसवर चार आठवड्यांत फरक पडला नाही तर औषध उतरवून बंद करावं. फरक पडला, तरी आधी कधी बंद करून त्रास उलटलेला नसेल, तर सुरू केल्यापासून चार महिन्यांच्या आत उतरवून पाहावं. उतरवताना दर महिन्याला, आणि बंद केल्यावर चार महिने लक्ष ठेवावं. बऱ्याच जणांचं औषध बंद करूनही काही बिघडत नाही. ज्यांना तीव्र भास किंवा फार आक्रमकपणा होता आणि औषधाने जे खरंच सुधारले, त्यांचा त्रास मात्र परत येऊ शकतो. आईला भास होते का, हे म्हणूनच महत्त्वाचं आहे. तुमच्या पत्रात तरी मला ते दिसले नाहीत.

सगळं ऐकून तुम्हाला आणि दादांना वाटलं, की काही आठवडे औषध चालू ठेवावं, तर सही करा. पण छापील ओळीखाली मोकळी सही नको. फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘ही संमती केवळ अमुक औषधाच्या, दिवसाला अमुक मिलिग्रॅमपर्यंतच्या डोससाठी, अमुक त्रासाकरिता, अमुक तारखेपर्यंत आहे. डोस वाढवण्यापूर्वी किंवा दुसरं औषध जोडण्यापूर्वी आम्हाला फोन करावा. आईने गोळी घ्यायला नकार दिल्यास जबरदस्ती करू नये आणि तशी नोंद करावी.’ फॉर्मचा फोटो काढून ठेवा. आणि औषध नको असं तुमचं ठरलं, तर तेही त्याच फॉर्मवर लिहा, औषध टप्प्याटप्प्याने उतरवण्याचा आराखडा डॉक्टरांकडून मागा, आणि नकार दिला म्हणजे आईच्या बाकीच्या काळजीला नकार दिला असा अर्थ होत नाही हे एका ओळीत नोंदवा.

दादांच्या भीतीकडे मी दुर्लक्ष करणार नाही. ‘घेऊन जा’ असं म्हणणारी केंद्रं असतात. पण आवाज चढवलेल्या नातेवाइकाला ते म्हणणं सोपं जातं. ज्याच्या हातात वही आहे, जो ‘अंघोळीच्या वेळी आठवड्यातून दोनदा मी येऊन बसेन’ म्हणतो, त्याला म्हणणं अवघड जातं. त्या मावशींचाही विचार करा. एकटीने दहा-बारा माणसांना अंघोळी घालायच्या, त्यात मार खायचा, आणि वरून नातेवाइकांची बोलणी. गोळीची मागणी बहुधा तिच्या थकव्यातून आली असेल. बैठकीत तिलाही बोलवा. आई कशाने शांत होते हे डॉक्टरांपेक्षा तिला जास्त माहीत असण्याची शक्यता आहे. आणि दादांना हेही सांगा, की त्यांच्या त्या सहीबद्दल त्यांनी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. दाखल करण्याच्या दिवशी समोर येईल तो कागद आपण सगळेच सही करतो.

ज्यांच्या घरी निदान नुकतंच झालंय, अशा वाचकांसाठी चार शब्द. तुमच्याकडे आत्ता जी वेळ आहे, ती या ताईंकडे राहिली नाही. ज्यांना आजार झालाय त्यांनाच आज विचारा: पुढे तू फार घाबरलीस, चिडलीस, तर गुंगी आणणारं औषध चालेल का? थोडी अस्वस्थता असू दे पण जागी राहू दे, असं म्हणशील, की शांत झोपू दे म्हणशील? तुझ्या वतीने कोणी बोलावं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून, तारीख घालून, साक्षीदारांसमोर सही घ्या. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात असे आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे. इतर अनेक देशांतही या ना त्या नावाने ती आहे. त्याची रीतसर पद्धत वकिलाला विचारून घ्या, पण वकील मिळेपर्यंत ते बोलणं पुढे ढकलू नका. साध्या वहीतलं पानसुद्धा पुढे मुलांच्या फार उपयोगी पडतं.

ताई, तुम्ही बैठकीची तारीख मागायला फोन कराल, तेव्हाच कानाच्या तपासणीचीही वेळ घ्या. यंत्र कपाटातून काढा, नवी बॅटरी घाला, आणि सकाळच्या वेळी आईजवळ बसा. औषधाचा विषय लगेच काढू नका. आधी तिला तुमचा आवाज ऐकू येऊ दे. ती काय म्हणाली, ते मला कळवा.